आमच्या गाळ्यातलं दुसरं शटर

शटर बिघडलंय, आठवडाभर काम बंद राहील, असं आम्ही गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं तेव्हा त्यातल्या दोघांनी लगेच वेल्डर पाठवून देतो म्हटलं. एकानं तर ग्रीसचा डबाच पाठवला. त्यांची चूक नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत शटर म्हणजे गाळ्याच्या तोंडाशी असलेलं लोखंडी, सकाळी खडखडत वर जाणारं आणि रात्री कुलूप लागणारं. पण आमच्या गाळ्यात दुसरंही एक शटर आहे. ते तळहातावर मावतं, त्याचं पातं पोस्टाच्या तिकिटाएवढं आहे, आणि यंत्र घेतल्यापासून तीन वर्षं आम्ही त्याच्याकडे एकदाही झाकण उघडून बघितलं नव्हतं.

आम्ही नवरा-बायको मिळून साचे दुरुस्तीचं काम करतो. प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या कारखान्यांत वापरले जाणारे पोलादी साचे असतात. त्यांची कड तुटते, कोपरा झिजतो, कधी कामगाराच्या हातून पाना पडून खड्डा पडतो. तिथे केसापेक्षा जरा जाड तार धरून लेसरनं एकेक टिपका भरायचा. आमच्यापैकी एकानं आयटीआय केलं आहे, एकीनं भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. घरात कुणाचं शिक्षण उपयोगी पडलं यावर अधूनमधून वाद होतो; या वेळी दोघांचंही पडलं, आणि आधी दोघांचंही पडलं नव्हतं.

यंत्र सेकंडहँड आहे. चाचांनी कर्ज-ए-हसना दिलं, म्हणून घेता आलं. आत निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाची एक कांडी आहे, तिच्या शेजारी झेनॉनचा फ्लॅशलॅम्प. दिवा लखकन पेटला की कांडीतून किरण निघतो, त्याची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर. माणसाला साधारण 700 नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो, त्यामुळे हा किरण दिसत नाही. साचे मोठे असतात म्हणून आमच्या यंत्राला बंद पेटी नाही, उघडं टेबल आहे. म्हणजे किरण खोलीतच बाहेर येतो. एरवी आम्ही 5 ज्यूलचा, 4 मिलिसेकंदांचा टिपका मारतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर तेवढ्या क्षणापुरते साडेबाराशे वॅट होतात, आणि तेही अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर.

अब्बांनी चाळीस वर्षं वेल्डिंग केलं. लहानपणी त्यांचे डोळे रात्री सुजायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे, आणि अम्मी बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. त्यामुळे प्रकाशाबद्दल त्यांचा एक पक्का हिशेब आहे: जो उजेड त्रास देतो तो वाईट, जो देत नाही तो ठीक. तसं बघायला गेलं तर हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनीही आपल्या 'किताब अल-मनाझिर'मध्ये तीव्र प्रकाशाकडे पाहिलं की डोळ्याला वेदना होते, याच निरीक्षणापासून सुरुवात केली होती. पण आमचा किरण या हिशेबात बसत नाही. तो दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याचं भिंग मात्र त्याला दिसणाऱ्या प्रकाशासारखंच आत घेतं आणि पडद्यावर एका बिंदूत गोळा करतं. पडद्याला दुखण्याची जाणीव नाही. माणसाला कळतं ते नंतर, नजरेत एक काळा डाग उरला की.

त्या दिवशी दिवा बदलला होता. रमजानला तीन आठवडे होते आणि त्याआधी चाचांचा हप्ता द्यायचा होता, म्हणून आम्ही घाईत होतो. नवा दिवा बसवला की आमच्या यंत्रात चाचणीचे काही टिपके मारावे लागतात. त्या वेळी शटर बंद असतं, किरण आतच राहतो, आणि आतला मीटर ऊर्जा मोजून आकडा दाखवतो. पॅनेलवर हिरवी खूण होती: शटर बंद. आम्ही दोघांनी गॉगल घातले होते. भाच्यानं घातला नव्हता. शटर बंदच आहे की, मुमानी, म्हणाला. तो नुकताच टेबल पुसून, जुनं वर्तमानपत्र अंथरून बाजूला झाला होता. लेक डबा घेऊन दारात उभी होती. पाच टिपके मारले. आकडा चांगला आला. मग भाच्याला कागद जळल्याचा वास आला.

वर्तमानपत्रात कुठल्या तरी सभेचा काळपट फोटो होता. त्यात एक भोक पडलं होतं, कडा तपकिरी झालेल्या.

शटर उघडंच राहिलं होतं. दहा मिनिटांपूर्वी त्याच जागी आरशासारखा पॉलिश केलेला साचा होता. तो उचलला नसता तर किरण तिथून उसळून कुठे गेला असता, ते सांगता येत नाही. कागदावर पडला म्हणून तिथेच संपला. आम्ही मुख्य स्विच पाडला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. लेक विचारत राहिली, जेवायचं नाही का?

भाच्याला त्याच दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. थेंब घालून बाहुली मोठी केली, तासभर बाकावर बसवलं, मग भिंग लावून पडदा तपासला. दोन्ही डोळे स्वच्छ निघाले, अल्हम्दुलिल्लाह. पण तो एक तास आम्हाला फार मोठा गेला. त्याची अम्मी, म्हणजे आमची आपा, विधवा आहे. तिनं त्याला आमच्या भरवशावर पाठवलंय. त्या बाकावर बसून आम्ही तिला फोन करावा की निकालानंतर करावा, हे ठरवत होतो. निकालानंतर केला. तिनं ते अजून पूर्ण माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. (या यंत्रात बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विजेचा साठा राहतो. तो उतरवून, मोजून, खात्री करून देणारा जाणकार माणूस आल्याशिवाय आम्ही हात घातला नाही. ही गोष्ट वाचून कुणी स्वतःच्या यंत्राचं झाकण उघडणार असेल तर हे आधी.) आत एक छोटा सोलेनॉइड, त्याला जोडलेलं ॲल्युमिनियमचं पातं, आणि पातं परत ओढणारी स्प्रिंग. धूळ आणि जुनं वंगण मिळून चिकट काळा राळ झाला होता. स्प्रिंग सैल पडली होती. पातं उघडल्यावर अडकून तिथेच बसलं होतं.

मग पॅनेल हिरवी खूण कशी दाखवत होतं? हे कळायला आम्हाला अर्धा दिवस लागला. ती खूण पात्याची नव्हतीच. पात्याला दिलेल्या हुकमाची होती. शटरला 'बंद हो' सांगितलं की दिवा हिरवा. ते बंद झालं की नाही हे बघणारं कुणीच तिथे नव्हतं. आणखी एक गोष्ट शरमेची. मूळ यंत्रात कांडीच्या मागून एक लाल रंगाचा साधा किरण त्याच वाटेनं सोडलेला असतो, निशाणी धरायला. शटर बंद झालं की टेबलावरचा लाल ठिपकाही जातो. तो लाल डायोड वर्षभरापूर्वी गेला होता. सूक्ष्मदर्शकात फुलीची खूण दिसतेच, काम अडत नाही, म्हणून आम्ही बदलला नव्हता. तो चालू असता तर त्या दिवशी ठिपका टेबलावर दिसत राहिला असता आणि आम्ही थांबलो असतो.

आता नवं शटर कुठलं बसवायचं? अब्बांचं म्हणणं होतं, राळ पुसा, स्प्रिंग बदला, शंभर रुपयांचं काम आहे; साचे पडून आहेत, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. गिऱ्हाईक खरंच गेलं, एक. भाच्याचं म्हणणं वेगळं. त्याला मोबाइलवर सगळं सापडतं. तो म्हणाला, "मामू, छोटी सर्वो मोटर लावू. पाहिजे तितकं उघडते, पाहिजे तितकं बंद होते, अडकत नाही." दिसायला चांगली कल्पना होती. त्याला आम्ही एकच विचारलं: वीज गेली तर? तो म्हणाला, जिथे असेल तिथे थांबेल. मग स्वतःच गप्प झाला. शिरोलीत वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वायर तुटायला वीज जावीच लागते असंही नाही. सुरक्षेचं शटर उघडायला जोर लागला पाहिजे, बंद व्हायला काहीच लागता कामा नये. वीज उघडेल, स्प्रिंग बंद करेल. जमल्यास पातं असं बसवायचं की स्वतःच्या वजनानंही खाली पडेल.

एका डीलरनं जुन्यासारखंच स्वस्त शटर दाखवलं, काळा रंग दिलेलं पातं. काळं म्हणजे प्रकाश शोषतं, असं तो म्हणाला. शोषतं खरं, पण शोषलेली उष्णता जाणार कुठे? आमचं यंत्र सरासरी 200 वॅटपर्यंत जातं, एका टिपक्यात 60 ज्यूलपर्यंत. आम्ही रोज तेवढं वापरत नाही, पण शटर निवडताना रोजचा आकडा धरायचा नसतो. चुकून नॉब पूर्ण फिरला तर जो होईल तो धरायचा. रंग जळतो, धूर होतो, आणि तो धूर शेजारच्या काचेवर बसतो. त्या काचेवर डाग पडला की पुढच्या टिपक्याला काच तडकते. कॅमेऱ्यासारखी पातळ पात्यांची शटरंही मिळतात, वेगवान असतात, पण ती छोट्या प्रयोगशाळेच्या किरणासाठी. परदेशी बनावटीचं एक सुंदर शटर पाहिलं. त्याच्या किमतीत आमचं अर्धं यंत्र आलं असतं.

शेवटी घेतलं ते मधलं. फिरता सोलेनॉइड, पात्याला पॉलिश केलेला आरसा, बंद असताना किरणाच्या वाटेत 45 अंशांत तिरका येतो. किरण त्यावरून वळून शेजारच्या काळ्या डब्यात जातो. त्या डब्याच्या आत शंकूसारखा खड्डा आहे, बाहेरून पाण्याची नळी फिरवली आहे. प्रकाश आत गेला की भिंतींवर आपटत आपटत तिथेच मुरतो. तिरकेपणाला कारण आहे. पातं सरळ आडवं ठेवलं तर किरण आल्या वाटेनं कांडीत परत जातो आणि ती खराब करतो. भोक 12 मिलिमीटरचं घेतलं, कारण कांडी 7 मिलिमीटरची आहे. अगदी मापाला माप घेतलं असतं तर यंत्र थोडं हललं तरी किरणाची कड पात्याला घासली असती.

बसवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो तारांमध्ये. दाराला स्विच, लाल आपत्कालीन बटण, किल्ली, झाकणाचा स्विच: सगळे एका माळेत. माळ कुठेही तुटली, मग दार उघडल्यानं तुटो की उंदरानं वायर कुरतडल्यानं, की शटर पडणार आणि दिव्याचा पुरवठाही थांबणार. दोन्ही हवेत. आणि दार परत लावलं म्हणून शटर आपोआप उघडता कामा नये. आत बघून, बटण दाबूनच ते चालू व्हावं. अब्बांना हे पटत नव्हतं. "दार लावलं म्हणजे झालं की," असं त्यांचं म्हणणं. लेकीनं दार उघडून आत डोकावलं, मग भिऊन लावून घेतलं आणि आतच राहिली, असं झालं तर? असं म्हटल्यावर ते उठून स्वतः बटणाची जागा दाखवू लागले: दारापासून लांब, पण जिथून पूर्ण खोली दिसते अशी.

शटर किती वेळात पडतं ते भाच्यानं मोजलं. लेसर बंद, फक्त शटरला वीज, आणि मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या संथ चित्रणावर. वीज तोडल्याची खूण म्हणून शेजारी एक छोटा दिवा. एकोणीस चित्रं, म्हणजे जवळपास 80 मिलिसेकंद. माहितीपत्रकात याच्या निम्म्याहूनही कमी लिहिलं होतं. आम्हाला वाटलं फसवलं. पण दोष आमचा निघाला. सोलेनॉइडची वीज तोडताना रिलेवर ठिणगी उडू नये म्हणून आम्ही त्याच्या टोकांना साधा डायोड जोडला होता, सगळे जोडतात तसा. तो डायोड गुंडाळीतला प्रवाह आतल्या आत फिरवत ठेवतो, चुंबक हळूहळू सुटतं, आणि स्प्रिंगला तेवढी वाट बघावी लागते. त्याच्या जोडीला झेनर डायोड टाकल्यावर सहा चित्रांत, म्हणजे 25 मिलिसेकंदांत पडलं. सेकंदाला दहा टिपके मारताना दोन टिपक्यांमध्ये 100 मिलिसेकंद असतात, तेव्हा हा फरक म्हणजे एखादा टिपका जास्त की नाही, एवढा आहे. भाच्याला त्या दिवशी बिर्याणी मिळाली.

आता पात्याची जागा सांगणारे दोन सेन्सर होते, एक 'उघडं'साठी, एक 'बंद'साठी. दोघंही गप्प किंवा दोघंही एकदम बोलले तर बिघाड, दिवा पेटणार नाही. सगळं जुळलं. लाल डायोडही नवा बसवला. वायरी एकेक करून सोडून बघितल्या, प्लग ओढून बघितला. प्रत्येक वेळी टक् असा आवाज यायचा आणि लाल ठिपका जायचा. आमच्यातली एक म्हणाली, आता अडकवून बघू. दुसरा म्हणाला, नवं शटर मुद्दाम कशाला अडकवायचं? थोडा वाद झाला. मग पुरवठा बंद करून पात्याखाली पुठ्ठ्याची एक घडी घातली, म्हणजे ते अर्धंच पडेल, आणि फक्त नियंत्रणाची वीज दिली. पॅनेल हिरवं.

तो हिरवा दिवा बघून पोटात गोळा आला. पुन्हा तेच. नव्या पैशात, नव्या तारांत तीच जुनी चूक. शोधलं तेव्हा कळलं की सेन्सर आम्ही सोलेनॉइडच्या दांड्यावर बसवले होते, कारण तिथे जागा होती. दांडा पूर्ण मागे गेला होता. दांडा आणि पातं यांच्यामधला छोटा स्क्रू सैल होऊन घसरला होता, पातं पुठ्ठ्यावर टेकून अर्ध्यात उभं होतं. आम्ही हुकमाऐवजी हुकूम ऐकणाऱ्याच्या हाताकडे बघत होतो, पात्याकडे अजूनही नाही. लेथवर एक नवी पट्टी करून सेन्सर थेट पात्याच्या कडेवर आणले, स्क्रूच्या जागी आरपार पिन घातली. पुन्हा पुठ्ठा. या वेळी लाल दिवा, आणि यंत्रानं टिपका मारायला नकार दिला. पुढे सलग दहा वेळा तेच केलं.

त्यानंतरच किरण चालू केला. कमीत कमी ऊर्जा, दार बंद, सगळे गॉगल घालून, टेबलावर बिलाचा थर्मल कागद. शटर बंद, दहा टिपके: कागद कोरा. उघडून एक टिपका: काळा डाग, गोल, कुठल्याही बाजूनं कापलेला नाही.

गॉगलबद्दलही सांगायला हवं, कारण बाजारात हिरवी काच लावून 'लेसर गॉगल' म्हणून काहीही विकतात. आमच्याकडचा एक जोड तसाच निघाला. कडेवर ना तरंगलांबी, ना संरक्षणाचा दर्जा. ज्यावर 1064चा उल्लेख आणि त्यासमोर आकडा छापलेला नाही, तो आम्ही आता उन्हात घालायलाही ठेवत नाही. अब्बांनी आपली वेल्डिंगची काच आणून दिली होती, मायेनं. तीही कपाटात ठेवली. तिच्यावरही तो आकडा नाही.

काम बारा दिवस बंद राहिलं, आठवडा नव्हे. चाचांना हप्ता रमजाननंतर देऊ म्हणून सांगायला गेलो, तर त्यांनी आधी भाच्याच्या डोळ्यांचं विचारलं. आपानं त्यांना सांगितलं होतं.

आता दर शनिवारी काम सुरू करण्याआधी तपासणी असते. पुठ्ठ्याची ती घडी खिळ्याला टांगून ठेवली आहे, नियंत्रणाच्या विजेवर ती घालून एकदा नकार घ्यायचा, मग काढायची. वही अब्बांकडे आहे. त्यांना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, तरी ते स्वतः लिहितात: तारीख, 'पातं पडलं', 'ठिपका गेला', सही. गेल्या शनिवारी त्यांनी खाली एक ओळ वाढवली आहे: दाराच्या काचेतून आतलं दिसतं, झाकावी. काचेला सध्या प्लायवूड ठोकलंय. भाचा म्हणतो, त्यावर रंगानं 'शटर बंद असेल तरच दार वाजवा' असं लिहू, आणि आम्ही त्याला विचारतोय, कुठलं शटर?